एकसष्ट वर्षांचं रक्त

"कचराबाई दुमाने. वय एकसष्ट," काचेपलीकडची बाई म्हणाली. "वृद्धरोग विभाग. जमिनीवरची निळी पट्टी धरून सरळ जा."

मोनालीनं मांडीवरच्या लेकीकडे पाहिलं. पालवीला नुकतीच बारा वर्षं झाली होती. तापानं तिचे ओठ उन्हातल्या चिखलासारखे तडकले होते, आणि यंत्रानं टोचलेल्या बोटावर रक्ताचा थेंब अजून ओला होता.

"मॅडम, हे पोट्टी हाय माही. पालवी नाव इचं. कचराबाई ह्या हायेत," तिनं शेजारी उभ्या नणंदेकडे बोट केलं.

"मग त्यांचं बोट लावा."

कचराआत्यानं बोट लावलं. जाळ्याच्या दोऱ्यांनी कापून कापून कडक झालेलं बोट. यंत्रानं दोनदा टोचलं तेव्हा कुठे थेंब निघाला.

"कचराबाई दुमाने, वय एकसष्ट. आधीच दाखल." बाईच्या कपाळावर आठी पडली. "एकाच माणसाला दोनदा दाखल करता काय?"

"अवो बाई, आमी दोघीजणी दिसून रायलो ना तुमाले?" आत्या म्हणाली. "का डोळे इस्तरीले देले?"

"मला दिसून काय उपयोग, आजी? यंत्राला दिसायला पाहिजे." मग आवाज थोडा उतरवून ती म्हणाली, "दुरुस्तीचा अर्ज करता येतो. महिनाभर लागतो. पुढचे या."

पालवीजवळ महिनाभर नव्हता. हे मोनालीला कोणी सांगायची गरज नव्हती. वैनगंगेच्या काठच्या घरातून निघताना पोरीच्या अंगाला हात लावून तिनं ओळखलं होतं की हा साधा ताप नाही. अशा पोरीचा ताप एक दिवसही अंगणात बसू द्यायचा नसतो.

रक्तओळख आली तेव्हा लोकांनी तिला ओवाळलंच होतं. त्याआधी मुलांना आणि म्हाताऱ्यांना उपचार फुकट झाले होते, आणि लगेच तिशीतली माणसं सतराची आणि पन्नाशीतली पासष्टीची होऊ लागली होती. कागदाला काय, सांगाल ते वय लिहून घेतो. म्हणून प्रयोगशाळेतलं एक जुनं ज्ञान दवाखान्याच्या दारात आणून उभं केलं. माणसाच्या प्रत्येक पेशीत जनुकांची लांब माळ असते. वय वाढतं तसे त्या माळेवर ठरावीक जागी बारीक रासायनिक ठिपके बसत जातात, काही पुसले जातात. झाडाच्या खोडात दरसाल एक वलय पडावं तसं. ते ठिपके वाचले की वय कळतं. रक्ताच्या एका थेंबात दोन्ही गोष्टी सापडायच्या: माळ कोणाची, आणि तिचे किती उन्हाळे झाले. मग डॉक्टर कोणता, औषध कोणतं, मात्रा किती, हे सारं यंत्र ठरवायचं. दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'रक्त खोटं बोलत नाही.'

रक्त खोटं बोलत नव्हतंच. फक्त पालवीच्या अंगातलं रक्त पालवीचं नव्हतं.

ती सिकलसेल घेऊन जन्मली होती. त्या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि पोर हाडांत सुया शिरल्यासारखं ओरडतं. हाडांच्या आतली मज्जा ही रक्ताची जमीन. ती जमीनच बदलली तर पीक बदलतं. पालवी सहा वर्षांची असताना दूर दुसऱ्या राज्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यानं ते केलं. तिची मज्जा औषधांनी जाळली आणि कचराआत्याच्या मज्जेतल्या पेशी तिच्यात पेरल्या. आत्याचं बी रुजलं. पोर उठून पळायला लागली. पण पेरलेल्या पेशी आपली माळ आणि आपलं वय बांधावर ठेवून येत नाहीत. बारा वर्षांच्या अंगात आता एकसष्टीला टेकलेल्या बाईचं रक्त वाहत होतं. हाडं पालवीची, डोळे पालवीचे, हसू पालवीचं, आणि रक्त आत्याचं.

हे यंत्राला सांगायचं राहिलं होतं. राहिलं नव्हतं, मुद्दाम ठेवलं होतं. गावात रक्तओळखीचं शिबिर आलं तेव्हा सगळं गाव बोट देऊन आलं. पालवीला मात्र घरात ठेवलं होतं. यंत्राला खरं सांगितलं असतं तर आजारी मुलांना मिळणारं लाल कार्ड तिच्या नावावर चढलं असतं, आणि लाल कार्डाच्या पोरीला ढिवर मासेमारांच्या पंचक्रोशीत स्थळ येत नाही. "एकदा यंत्रात गेलं का कायमचं गेलं," आत्या म्हणाली होती. "पोट्टी बरी झाली ना? मंग काहून गावाले सांगा?" पालवीचा बाप तेव्हा नदीत बुडून दोन पावसाळे झाले होते. घरात दोनच मतं होती, आणि दोन्ही एक होती. त्यांनी पोरीचं लग्न वाचवलं होतं.

*

वृद्धरोग विभागात पालवीला दोन म्हाताऱ्यांच्या मधली खाट मिळाली. एक म्हातारी जप करत होती. दुसरीनं पालवीकडे पाहून विचारलं, "ही कोणाला भेटायला आली?"

तिथला डॉक्टर तरुण होता. त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग खाटेकडे, मग पुन्हा पडद्याकडे. पडद्यावर यंत्राचं मत उमटलं होतं: स्त्री, एकसष्ट वर्षं, वजन सव्वीस किलो, तीव्र ताप, हाडांत वेदना. अतिजर्जर अवस्था. शांतोपचार सुचवला आहे.

"शांतोपचार म्हंजे?" मोनालीनं विचारलं.

त्यानं पडदा बाजूला वळवला. पलीकडची म्हातारी म्हणाली, "म्हणजे आता काही करत नाहीत बाई. दुखू देत नाहीत, आणि जाऊ देतात."

मोनालीनं डॉक्टरचा हात धरला. "साहेब, तुमी डोळ्यानं पाहून सांगा. हे म्हातारी हाय का?"

"मला दिसतंय हो ताई." तो कळवळून म्हणाला. "मी काही आंधळा नाही. पण मी काहीही लिहिलं तरी यंत्र एकसष्ट वर्षांच्या मूत्रपिंडाचा हिशेब लावून देणार. ती मात्रा हिला पुरणार नाही, किंवा मारेल. आणि औषधाचं कपाट माझ्या सहीनं उघडत नाही, हिच्या रक्तानं उघडतं." त्यानं इकडे-तिकडे पाहिलं. "बाल आणि किशोरवयीन रोगांचा डॉक्टर शोधा. तान्ह्या पोराचं वय रक्तात नीट उमटत नाही, म्हणून त्या डॉक्टरांना अजून हातानं वजन करून मात्रा लिहायची मुभा आहे. त्यांच्याच हातात आहे. पण संध्याकाळच्या आत."

मोनाली बाजारात मासळीच्या टोपलीपुढे बसली की गिऱ्हाईक तिच्याकडे चालत यायचं. आज ती पहिल्यांदा दारोदार फिरत होती. मोबाइलवर तिनं विचारलं, बाल व किशोरवयीन रोगतज्ज्ञ कुठे आहे? आसपासच्या सगळ्या जिल्ह्यांत मिळून तीन नावं निघाली. पोरंच कमी जन्मू लागली होती, लसी यंत्रं टोचत होती. पोरांचा डॉक्टर व्हायला कोण बसलं होतं?

पहिल्या नावाला फोन लावला. गोड आवाज आला, "रुग्णाचं टोचलेलं बोट कृपया पडद्यावर ठेवा." बोट ठेवलं. "क्षमस्व. आमच्याकडे अठरा वर्षांवरील रुग्ण पाहिले जात नाहीत."

दुसऱ्या नावाचा डॉक्टर मुलाकडे परदेशी गेला होता. त्याच्या जागी बसवलेल्या आवाजानंही तेच सांगितलं, आणि वर वृद्धांच्या तब्येतीसाठी सकाळी चालायचा सल्ला दिला.

"चालीन ना, तुह्या तोंडावर चालीन," आत्या मोबाइलला म्हणाली.

तिसरं नाव होतं डॉ. मृणाल केळझरकर. ती याच संकुलात, मैदानापलीकडच्या पिवळ्या इमारतीत बसत होती. खिडकीतून ती इमारत दिसत होती. तिच्या भिंतीवर कोणी तरी मासे रंगवले होते, लाल आणि हिरवे. असे मासे नदीत नसतात, पण पोरांना आवडतात.

मोनालीनं पालवीला कडेवर घेतलं. बाराव्या वर्षी पोर आईच्या कडेवर मावत नाही. ही मावली.

*

पिवळ्या इमारतीच्या फाटकानं पालवीचं बोट टोचलं आणि लाल दिवा लावला. मोनालीनं पुन्हा लावलं. पुन्हा लाल.

फाटकावर पहाऱ्याला एक बाई होती. जाड, घामेजलेली, खुर्चीत ठाण मांडून बसलेली. "किती डाव लावसीन? वय काही कमी होणार हाय का त्यानं?"

"ताई, फक्त डॉक्टरीणबाईले बाहेर बोलवा. एक डाव पाहू द्या."

"नोंद नसलेल्याला पाहिलं तर तिची सनद जाते. मागच्या वर्षी एकाची गेली. म्हणून तर तीनच उरले." तिनं पालवीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मऊ पडलं की माणसं जास्त कडक बोलतात, तशी ती बोलली, "तुमच्यापेक्षा टाकलेल्या पोरांचं बरं. कोणी पायरीवर टाकून गेलं का सरळ आत नेतात. बोटही टोचत नाही."

"काहून टोचत नाही?" आत्यानं विचारलं.

"कायदा हाय. बेवारस पोरांच्या रक्ताच्या खुणा विकत होते म्हणे लोक, कोणाला कोणाची किडनी जुळते ते पाहायले. तेव्हापासून कोर्टाच्या परवानगीशिवाय त्यांची ओळख काढत नाही. उपचारासाठी रक्त घेतलं तरी ओळखीच्या यंत्रात जात नाही. तवरक डॉक्टरीण डोळ्यानं पाहून वय लिहिते." ती थांबली. आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात आलं असावं. ती उठून उगाच पाणी प्यायला गेली.

मैदानात करंजाचं झाड होतं. त्याच्या सावलीत पालवीला निजवून दोघी बसल्या. पोरीचा श्वास पोटातून उडत होता. मोनाली ओला पदर तिच्या कपाळावर ठेवत होती. ठेवला की सुकत होता.

"टाकून दे इले," आत्या म्हणाली.

मोनालीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"माह्या मायचे तीन लेकरं गेले माह्याआधी," आत्या सांगू लागली. "मी झाली त मायनं तोंडसुद्धा पायलं नाही. सुपात घातलं, उकंड्यावर नेलं, ठेवलं आन् मांगं न पाहता आली. शेजारची भागरता सुईण तिथंच उभी होती. तिनं उचललं. म्हणाली, कचऱ्यात सापडली वं बाई, कोणाची हाय? माय म्हणाली, मले काय मालूम? मंग भागरतानं मूठभर कोंड्यात मले मायले इकलं. म्हणून कचरा. काळ येते त आईचं लेकरू हुडकते ना? जे कोणाचंच नाही ते त्याले सापडत नाही."

आणि भर दुपारी, वाहनांच्या भोंग्यांत, तिनं जात्यावरच्या सुरात हळूच म्हटलं,

सुपात निजली लेक
उकंड्याची उडे राख
काळा, तू जरासा झाक
डोळे तुझे

"तो काळ येगळा होता, आक्काजी," मोनाली म्हणाली. "हा तसा नाही. मी एकदा नाही म्हटलं त उद्या कशी म्हणू माही हाय म्हणून? रक्त तपासतीन. माहं आन् तिचं जुळणारच नाही. तुमचं जुळीन. तुमाले पोलीस नेतीन, आन् मले मशीन सांगीन, बाई, तू इची कोणी नाही. जलमभर."

"होय," आत्या म्हणाली.

"होय काय?"

"होय म्हंजे होय. मी का तुले खोटं सांगू?" आत्यानं पालवीच्या पायाचा तळवा हातात घेतला. "माह्या मायले मूठभर कोंडा पुरला. तुले महाग पडन. पण पोट्टी कोणाची म्हणून मेली का कोणाचीच नाही म्हणून जगली, त्यातलं तू सांग."

करंजाची एक शेंग पालवीच्या केसांत पडली होती, ती मोनालीनं काढली. वेणी सैल झाली होती. ती घट्ट केली. मग मनात काही आलं आणि वेणी पुन्हा विस्कटली; टाकलेल्या पोरीची वेणी घट्ट कशी असेल?

"पालू," ती कानाशी वाकली. "ऐकून रायली का? तुले त्या मासेवाल्या घरात नेतीन. डॉक्टरीण चांगली हाय. कोणी काही पुसलं त म्हणजो, मले कोणी नाही."

पालवीनं डोळे उघडले. तापानं ते काचेसारखे झाले होते. "आई, मले काहून टाकून रायली? मी काय केलं?"

"काही नाही केलं वं माय. तू काहीच नाही केलं."

"मंग मी घरी येतो ना. मी आता चालतो. पाय." तिनं उठायला पाहिलं आणि कुशीवर कलंडली.

आत्या उठली. तिला तिथं थांबता येणार नव्हतं. तिचं बोट कुठेही लागलं असतं तरी सगळं उघडं पडलं असतं. तिनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं आपल्या कानशिलावर मोडली, आणि एवढंच म्हणाली, "पायरीवर ठेवलं का मांगं पायजो नोको. मायनं नव्हतं पायलं." मग ती बसथांब्याकडे चालू लागली. तीही मागं पाहत नव्हती.

*

मोनालीनं पालवीला पिवळ्या इमारतीच्या दुसऱ्या पायरीवर निजवलं. पहिलीवर ऊन होतं. ती वळली. मागं न पाहता मैदानाच्या कडेपर्यंत गेली, आणि तिथं तिचे पाय संपले.

पहारेकरीण उभी राहिली होती. तिनं पायरीवरची पोर पाहिली. मैदानापलीकडची बाई पाहिली. तासाभरापूर्वी हीच बाई तिच्या पाया पडायची बाकी राहिली होती. तिनं खांद्यावरचं बोलायचं यंत्र तोंडाजवळ नेलं, खाली घेतलं, पुन्हा नेलं.

मग म्हणाली, "बेवारस बालक. मुलगी. पायरीवर."

नियमाप्रमाणे तिला तीनदा पुकारायचं होतं. खांबावरचा कॅमेरा तिच्याकडे वळला. ती पायरीवर उभी राहून मोठ्यानं ओरडली, "या मुलीवर कोणाचा हक्क हाय काय?"

मैदानातली माणसं वळून पाहू लागली. भेळवाला, चादरी विकणारा, रिक्षात बसलेलं एक जोडपं. मोनालीनंही त्यांच्यासारखीच मान वळवली. अनोळखी माणसं पाहतात तसं पाहायचं, एवढं तिनं ठरवलं होतं. ते तिला जमेना.

"या मुलीवर कोणाचा हक्क हाय काय?"

पालवीनं हात उचलला होता. कोणाला बोलावायला की ऊन अडवायला, दुरून कळत नव्हतं. रिक्षातली बाई मोनालीला म्हणाली, "कशी आई असेल हो! दगडाच्या काळजाची."

"होय ना," मोनाली म्हणाली.

"या मुलीवर कोणाचा हक्क हाय काय?" तिसऱ्या वेळी पहारेकरणीचा आवाज खाली आला होता. आता ती सगळ्या मैदानाला विचारत नव्हती, एकटीलाच विचारत होती. मोनालीनं पदराचा बोळा दातांत धरला.

दार उघडलं. दोघीजणींनी पोरीला उचलून आत नेलं. दार मिटलं. पायरीवर ओल्या कपाळाचा डाग उरला होता, तोही उन्हात वाळून गेला.

*

डॉ. केळझरकर बाहेर आली तेव्हा मैदानात सावल्या लांबल्या होत्या. पांढऱ्या केसांचा आखूड बॉब, पायात कापडी बूट. ती भेळवाल्याकडे गेली, भेळ घेतली आणि कोणाला संशय येऊ नये अशा बेतानं करंजाच्या पारावर मोनालीपासून थोड्या अंतरावर बसली.

"मोठ्या होत चाललेल्या मुलांशी मी आधी एकटीनं बोलते," ती भेळेकडे पाहत म्हणाली. "आईबापांना बाहेर काढते. आईबापांपुढे ती खरं सांगत नाहीत. आज बाहेर काढायला कोणी नव्हतं. मी फक्त म्हटलं, बाळ, कुठं दुखतं? तर म्हणाली, बाहेर निळ्या लुगड्यातली बाई आहे ना, ती माझी कोणी नाही." तिनं एक घास चावला. "मी विचारलंच नव्हतं."

मोनालीनं निळ्या लुगड्याचा पदर मुठीत आवळला. "नाही. माही नाही ते."

"बरं. तुमची नाही." डॉक्टरीण थांबली. "मला औषध सुरू करायचं आहे. ताप रक्तात उतरलाय. एक औषध असं आहे की लागू पडलं तर सकाळपर्यंत पोर वाचेल, आणि सोसलं नाही तर घटकाभरात जाईल. तिला विचारलं, ती आता ग्लानीत आहे. टाकलेल्या मुलीबद्दल मी कोणाला विचारू?" पहिल्यांदा तिनं मोनालीकडे पाहिलं. "तुमची नाहीच. पण असती, तर तिला काय चाललं नसतं?"

खांबावरचा कॅमेरा हळूच इकडे वळत होता.

"माही असती," मोनाली म्हणाली. ती कॅमेऱ्याकडे पाठ करून बसली. "माही असती त तिले पेनिसिलीन चाललं नसतं. सहाव्या वर्सी देलं असतं त तिचं तोंड सुजून डोळे मिटले असते. श्वास आडला असता. मी खाटेपाशी बसून पाहत असती."

"आणखी?"

"तिची पानथरी मेलेली असती. सिकलनं खाल्ली असती. म्हणून साधा तापही तिले मारते."

डॉक्टरणीचा घास हातात राहिला. "प्लीहा? सिकल? पण तिचं रक्त मी पाहिलं. एकही विळा नाही."

"नसतेच. तिच्यात आत्याची मज्जा भरली असती. दूर, तिकडे. सहा साल झाले असते."

"आत्याचं वय?"

"एकसष्ट."

डॉक्टरणीनं कागदातली उरलेली भेळ चिमण्यांपुढे टाकली. सगळं तिच्यापुढे उलगडलं होतं: फाटकाचा लाल दिवा, पायरी, तीन हाका. "अगं," ती हळूच म्हणाली, "अगं बाई, आधी माझ्याकडे का नाही आलीस?"

"आली असती," मोनाली म्हणाली. "फाटकानं नाही येऊ देलं असतं."

डॉक्टरीण उठली. कागद चुरगळला, तो टाकायला कचरापेटीपर्यंत सावकाश गेली. तिथून मात्र ती धावत सुटली. पांढऱ्या केसांची, कापडी बुटांतली बाई मैदान ओलांडून पिवळ्या इमारतीकडे पोरीसारखी पळाली.

*

पालवी वाचली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

डॉक्टरणीनं तिची नोंद केली. नाव अज्ञात. वय, डोळ्यांनी पाहून, सुमारे बारा. पालक, शासन. बरी झाली की बालगृह. ती मोनालीला पारावर भेटून हे सगळं सांगत होती, आणि सांगताना तिची नजर दुसरीकडे होती.

"मी साक्ष देते. कोर्टात उभी राहते," ती म्हणाली. "हाडांचं, दातांचं, गालाच्या आतलं काही तरी काढू. तिच्या सगळ्या पेशी काही आत्याच्या नाहीत. कुठे तरी तू सापडशील."

"किती दिवस लागतीन?"

"वर्षं लागतील. आणि मिळालं, तर आधी तुला टाकून दिल्याची शिक्षा होईल. मग मुलगी."

मोनालीनं मान हलवली. बाजारात भाव न पटलेलं गिऱ्हाईक हलवतं तशी नव्हे, भाव ऐकून गप्प झालेलं हलवतं तशी. "तिचा ताप पुन्हा आला त इथंच येईन ना ते? तुमच्याकडेच?"

"माझ्याकडेच. अठरापर्यंत."

"मंग राहू द्या."

बेवारस मुलांना भरवायला बाहेरच्या बायांना सोडत होते. फाटकावर बोट लावायचं, रुग्णाशी नातं नाही अशी खात्री झाली की हिरवा दिवा लागायचा. कोणी हक्काचं माणूस चोरून आत शिरू नये म्हणून एवढ्यापुरतं, ओळख न काढता, मुलाचं रक्त येणाऱ्या बाईच्या रक्ताशी जुळवून पाहायची कोर्टानं मुभा दिली होती. पहारेकरणीनं मोनालीचं बोट स्वतः धरून पडद्यावर ठेवलं. यंत्रानं पालवीच्या रक्ताच्या खुणा पाहिल्या, मोनालीचं रक्त वाचलं, आणि आवाज आला, "नातं नाही." हिरवा दिवा लागला.

"जाय," पहारेकरीण म्हणाली. "आतमध्ये कॅमेरे हायेत. रडजो नोको."

खोलीत सहा खाटा होत्या. पालवी खिडकीखालच्या खाटेवर होती. कोणी तरी तिचे केस धुऊन दोन शेंड्या बांधल्या होत्या, वेगळ्याच पद्धतीनं, कानांच्या वर. नर्स नळी तपासत होती. मोनाली दुसऱ्या खाटेवरच्या मुलापाशी थांबली, त्याला दोन घास भरवले. मग तिसऱ्या. असं करत करत ती खिडकीपर्यंत आली.

पालवीनं डोळे उघडले. ते आता काचेसारखे नव्हते, पुन्हा तिचे होते. तिनं समोरच्या बाईचं निळं लुगडं पाहिलं, हात पाहिले. मग नर्सकडे पाहिलं. मग छताच्या कोपऱ्यातला काळा गोळा पाहिला, बराच वेळ. तिचे ओठ एका शब्दासाठी जुळले होते. तिनं ते सोडवले.

"मावशी," ती म्हणाली, "पाणी देता का?"

मोनालीनं एका हातानं तिचं डोकं उचललं, आणि दुसऱ्या हातानं पेला तिच्या ओठांना लावला.